वारं आलंच नाई

लोकं माह्या तोंडावर म्हणतात, "बनाबाई, तुह्या नवऱ्यानं हातात आलेली सरपंचकी घालवली." घालवली तं घालवली! तुमच्या घरचं तेलमीठ गेलं का त्याच्यात? ज्याले त्याच्या घरचं कुत्रं पुसत नाई, असा माणूसही आमच्या ओट्यावर बसून शहाणपण शिकवून जाते. म्हून आज सारं सांगूनच टाकते. अर्धी गोष्ट सांगणारे गावात लय झाले.

यायचं, म्हंजे नवऱ्याचं, नाव मी घेत नाई, आमच्यात बाया घेत नाईत. गाव यायले कडूबा भगत म्हणे. थोरल्या लेकाच्या पाठची सासूबाईची लेकरं जगली नव्हती, म्हून याचं नाव कडू ठेवलं. मरणानं चाखून पाह्यलं तरी थुकून द्यावं, असा इचार. मरणानं थुकलं बिचाऱ्यानं. आमच्या पदरात पडला.

आमचं गाव मोताळ्याच्या अलीकडं. चंपाषष्ठीले खंडोबाची यात्रा भरते आन् त्या दिवशी बारागाडे ओढतात. ज्यानं पाह्यले नसतीन त्याच्यासाठी सांगते. बैलगाड्या बारा, पण बैल एकीलेही नाई. एकीले एक दोरखंडानं बांधायची, साऱ्याइवर माणसं बसवायची, आन् पहिल्या गाडीचा दोर एका माणसानं कमरेले बांधून ओढायचा. तो माणूस म्हंजे भगत. दोन बाजूले दोन जोडीदार खांदा लावाले असतात, मागून लोकं ढकलतात, आन् देवळापासून नाल्यापर्यंत रस्ताही उताराचाच हाय. पण गाव म्हणते, भगताच्या अंगात खंडोबाचं वारं येते आन् ते वारंच गाडे ओढते. हा मान आमच्या घरात सासऱ्यापासून. सासरे गेल्यावर तो मोठ्या लेकाचा, म्हंजे माह्या भासऱ्याचा, किसनरावचा होता. पण किसनराव हाडानं बारीक आन् डोक्यानं भारी. त्यायनं दोर धाकट्याच्या कमरेले बांधला आन् स्वतः पहिल्या गाडीवर जाऊन उभे राह्यले.

हे अंगानं असे दणकट, की पाहणाराले वाटे, या माणसाले वारं कशाले पाह्यजे? कपाळभर भंडारा लावून, डोळे तारवटून हे दोर ताणत. गाडे हलले की "येळकोट येळकोट जय मल्हार!" नाल्यापाशी पोचले की यायले भरजरी फेटा बांधत. बाया लेकरं आणून पायावर घालत. काल ज्या म्हाताऱ्यानं उसनं खुरपं देल्लं नव्हतं, तोच आज पाय धरे. दिवसभर यायले कोणी खाली बसू देत नसे, आन् कौतुकाची दारू तं पुसूच नका, फुकटच असते. त्या रातचं मी आता सांगत नाई. दुसऱ्या दिवशी सकाळी हे गोठ्यापाशी बसून राहत, तोंड सुकलेलं. मी पुसे, "काय झालं वो? काल तं गावचा देव झाल्ते." म्हणत, "काई नाई. तू चहा आन."

मंग महाराष्ट्र झाला, पाठोपाठ पंचायत समिती आली. किसनरावच्या डोक्यात चक्र फिरलं. स्वतः समितीले उभं राहायचं आन् धाकट्याले सरपंच करायचं. "खंडोबाच्या भगताले नाई म्हणाची कोणाची छाती हाय बे?" असं ते चावडीवर बसून म्हणत. गणित बरोबरच होतं त्यायचं. मलेही आवडलं होतं, खोटं काऊन बोलू? सरपंचाची बायको म्हून इहिरीवर पहिला हंडा माहा लागला असता.

पण त्या साली गाडे ओढता ओढता यायच्या पाठीत काईतरी तुटलं. फेटा बांधून घेतला, घरी आले, आन् दुसऱ्या दिवशी उठताच येईना. गाडीत कडबा टाकून मिशनच्या दवाखान्यात नेलं. तिथं शामुवेल दादा म्हून कंपाउंडर होते. ख्रिस्ती माणूस, बोलणं हळू, हात त्याहून हळू. रोज येऊन पाठीले औषध चोळत. एक दिवस चोळता चोळता त्यायनं सहज पुसलं, "कडूभाऊ, ते वारं येते तवा माणसाले कसं वाटते हो? मले खरंच समजून घ्यायचं हाय."

हे पालथे पडले होते. मी उशापाशी बसून संत्र सोलून राह्यली होती. मंग हे उशीत तोंड खुपसून म्हणाले, "येत नाई."

"काय येत नाई?"

"वारं. कधी आलंच नाई. पहिल्या साली लय वाट पाह्यली. लोकं वरडून राह्यले होते, भाऊ गाडीवरून पाहून राह्यला होता. म्हणलं, आलं. मंग दरसाली म्हणत गेलो, आलं."

माय वो! माह्या हातातली फोड हातातच राह्यली. ज्या माणसासंगं संसार केला, त्याच्या पोटातली एवढी मोठी गोष्ट मले दवाखान्यात कळून राह्यली होती. मले वाटलं, आता हा कंपाउंडर हसते, आन् संध्याकाळपर्यंत मोताळ्याच्या बाजारात डवंडी पिटते. पण शामुवेल दादा हसले नाईत. यायच्या पाठीवर तसाच हात ठेवून म्हणाले, "मंग इतके साल तुम्ही एकटेच ओढून राह्यले होते?"

बस्स, एवढंच. आन् हा एवढा मोठा गडी हमसून हमसून रडला. बाजूच्या खाटेवरचा म्हातारा उठून पाहाले लागला. मी पदरानं यायचं तोंड पुसलं आन् मलेही रडू आलं.

पुढं शामुवेल दादा रोज काम आटपलं की खाटेपाशी येऊन बसत आन् त्यायच्या येशूच्या गोष्टी सांगत. एक गोष्ट यायच्या मनात रुतली. लोकं येशूले धरून राजा कराले निघाले, तं तो गुपचूप डोंगरात निघून गेला. आन् तेच लोकं माराले आले, तवा मात्र जागचा हलला नाई. हे म्हणाले, "उलटाच माणूस हाय बापा हा! आमी मान द्याले आले की उभे राहतो आन् माराले आले की पळतो." शामुवेल दादा म्हणाले, "तुम्ही त्याच्यासंगं चालून तं पाहा. तो तुमचा दोर धरते. तुमाले काई दाखवाव लागत नाई त्याले."

दवाखान्यातून आले ते हे दारू सोडूनच आले. आन् सरळ भावापुढं उभे राह्यले. "दादा, मी यंदापासून गाडे ओढत नाई. मी येशूचा झालो. खोटं बोलणं आता होत नाई माह्यानं."

किसनराव काई कच्चे नव्हते. त्यायनं आवाज चढवला नाई. म्हणाले, "कडू, तुले जो देव पुजायचा तो पूज. घरात पूज, वावरात पूज. पाठ दुखते म्हून ओढत नाई असं सांगू आपण लोकायले. पण वारं येत नव्हतं हे कोणापाशी बोलू नको. बापाची अब्रू हाय त्याच्यात, आन् माही निवडणूकही."

बोलू नको म्हटलं तं! यायनं काई डवंडी पिटली नाई, पण पुसणाराले खरं सांगतलं. गाव तं रोजच पुसे. नळगंगा नदीत बाप्तिस्मा घेऊन आले त्या आठवड्यातच आमचं सारं बंद झालं. इहीर सामाईक वावरात होती. तिच्यावर भासऱ्यानं माणूस बसवला. वावराची वाटणी झालेली नव्हती; ती होणारच नाई म्हणाले. आमच्या कोकिळेची सोयरीक जानेफळच्या चांगल्या घरी जुळली होती, त्यायचा निरोप आला की आमाले भगताच्या घरची पोरगी पाह्यजे होती, बाटलेल्याची नाई. पोरगी आतल्या खोलीत तोंड लपवून बसली. काल ज्याच्या पायावर लेकरं घालत, तो माणूस दुसऱ्याच्या वावरात रोजानं कापूस येचाले जाऊ लागला.

मी यायच्याशी भांडली नसंन असा दिवस गेला नाई. मी काई येशूची झाली नव्हती. मी नदीवरून पाणी आणून आणून डोक्याले टक्कल पडायची वाट पाहून राह्यली होती. मी म्हणे, "खरं बोलून कोणाचं पोट भरलं आजपर्यंत? तुमच्या त्या येशूले सांगा, एक इहीर खणून दे म्हणा!" हे हसत. आधी कधी न हसणारा माणूस आता हसे, त्यानं तं मी अधिकच पेटे. म्हणत, "बने, आता अंगात काई आणाव लागत नाई. लय हलकं वाटते."

"हंडा रिकामा हाय म्हून वाटते तुमाले हलकं!"

तरी मी माहेरी गेली नाई. भाऊ न्याले आलता, त्याले वापस लावला. काऊन राह्यली, ते मी तवा कोणाले सांगतलं नाई.

पुढची चंपाषष्ठी आली. आता दोर कोणाच्या कमरेले? किसनरावनं आपलाच लेक उभा केला, मोतीराम. पोरगं वागाले सोन्यासारखं, अंगानं भरलेलं, पण दोर त्यानं कधी ओढला नव्हता. मांडीवर खेळवलेला पुतण्या, हे आदल्या दिवशी त्याले रस्त्यात गाठून म्हणाले, "मोत्या, वारं आलं नाई तं आलं म्हणू नको. आन् पाय उतारावर तिरपे ठेव." मोतीराम हसून म्हणाला, "काका, तुमाले नाई आलं म्हून काय कोणालेच येत नाई का?" ते त्याचंही बरोबरच होतं. खंडोबाशी माहं काई भांडण नाई, आजही नाई. माहं भांडण माणसायशी हाय.

यात्रेच्या दिवशी मी बायायमधे बांधावर उभी होती. बाटलेल्याची बायको म्हून माह्याजवळ कोणी उभं राहत नव्हतं, तेवढीच मोकळी हवा. हे रस्त्याच्या कडेच्या वावरात, दुसऱ्याच्या, कापूस येचून राह्यले होते. यात्रा असो की काई असो, रोज बुडवून कसं भागते?

गाडे सुटले. येळकोट येळकोट! किसनराव पहिल्या गाडीवर, गुलाबी फेटा, हात जोडलेले. अर्ध्या रस्त्यात उतार लागला आन् गाड्यायनं वेग घेतला. खाली मोतीरामचा पाय घसरला. तो पडला, त्याच्यासंगं एका बाजूचा जोडीदारही पडला. मागचे लोकं पुढचं न पाहता ढकलूनच राह्यले होते. गाडीले काय लगाम असते का? भासरे वरून किंचाळले. बाया डोळे झाकून घेऊ लागल्या.

मी नाई झाकले. म्हून मी पाह्यलं. कापसाची ओटी फेकून हे बांधावरून खाली आले, पहिल्या गाडीच्या धुरीले खांदा लावला, आन् ज्या पाठीनं मागच्या साली खाट धरली होती त्याच पाठीनं गाडी बाजूले रेटली. गाडी बांधावर चढली, मागच्या एकीवर एक आदळल्या, माणसं भुईमुगाच्या शेंगांसारखी खाली पडली. थांबलं सारं. मोतीरामचं धोतर चाकाखाली दबलेलं होतं, पण पोरगं चाकाच्या बाहेर होतं. पायाले मोठी जखम, रक्त वाहून राह्यलं होतं, पण जिवंत.

मंग गर्दीतून एक म्हातारा वरडला, "भगत आला! खंडोबानं आपला भगत वावरातून उचलून आणला!" आन् काय सांगू, साऱ्या यात्रेनं भंडारा उधळला यायच्यावर. पिवळेजर्द झाले हे. जे लोकं रस्त्यात तोंड फिरवत, ते पायावर पडू लागले.

किसनराव गाडीवरून उतरले. आधी लेकाले पोटाशी धरलं, मंग आपल्या डोक्यावरचा फेटा काढून धाकट्या भावाच्या डोक्यावर ठेवला. रडत रडत म्हणाले, "कडू, माहा वंश वाचवला रे तू. आजपासून अर्धं वावर तुहं. इहीर तुही. सरपंच तूच. कोकिळेची सोयरीक मी स्वतः जानेफळले जाऊन जुळवतो. फक्त या लोकायपुढं एक डाव म्हण, की वारं आलतं."

त्यायच्या मनात कपट नव्हतं त्या घडीले. बापाचं काळीज होतं ते. यायनं माह्याकडं पाह्यलं. मी डोळ्यानं म्हटलं, म्हणा. म्हणून टाका. दोन शब्दायचं काम हाय. कोणाचं काय नुकसान होते? पोरीचं लग्न होते, घरात पाणी येते. तुमच्या येशूले मी समजावते मागून!

हे म्हणाले, "नाई आलं, दादा. तवाही नाई, आजही नाई."

गर्दीत गलका झाला. किसनरावनं यायचे दोन्ही खांदे धरले. "अरे बह्याडा, मंग एवढी ताकद आली कुठून?"

"ताकद नाई आली, भीती आली. पोरगं चाकाखाली जाऊन राह्यलं होतं. दादा, मी पडलो होतो तवा येशू माह्याकडं आला. फेटा पाह्याले नाई आला. तवापासून पडलेला दिसला की माहे पाय तिकडं पळतात, एवढंच समजते मले. तुम्ही मले वावर देऊ नका, गावाबाहेर काढा. पण खोट्याचा दोर मी आता कमरेले बांधत नाई."

असं म्हणून यायनं डोक्यावरचा फेटा उकलला, खाली बसले, आन् मोतीरामच्या पायाची जखम त्या फेट्यानं करकचून बांधली. भगताच्या मानाचा फेटा, पायाले! लोकं असे खवळले की बस. कोणी म्हणे मारा, कोणी म्हणे हाकला. भंडाऱ्यानं भरलेल्या त्याच हातायनं आता ढेकळं उचलली.

किसनरावनं हात वर करून लोकायले थांबवलं आन् माह्याकडं वळले. आता हे ऐका. आमच्यात भासऱ्यापुढं भावजय बोलत नाई. पदर नाकापर्यंत ओढून भिंतीच्या आडोशाले उभं राहायचं, काई सांगायचं तं लेकराच्या हाती निरोप द्यायचा. लग्न झाल्यापासून माहा आवाज त्या माणसानं ऐकला नव्हता. त्यायनंच रीत मोडली. म्हणाले, "बनाबाई, याले तं अक्कल नाई. तू सांग. तुह्या लेकरासाठी सांग. तुहं ऐकंन हा."

मी पदर मागं केला. सारं गाव पाहून राह्यलं होतं.

"मोठे दादा, पुसलं तं ऐका. गाड्यावरून तुमाले यायची पाठ दिसे. घरी काय होई ते मले दिसे. तुम्ही फेटा बांधून पाठवलेला देवमाणूस दर यात्रेच्या राती मले मारे. मारता मारता रडे, आन् रडता रडता मारे. माहं मनगट मोडलं ते मी गोठ्यात पडली म्हून नाई. खंडोबाले मी बोल लावत नाई, खंडोबा कधी माह्या घरी आलाच नाई. घरी येत होतं ते तुम्ही सारे मिळून याच्या डोक्यावर चढवलेलं खोटं. ते याले पेलत नव्हतं आन् माह्यावर उतरत होतं. ज्या दिवशी यानं ते सोडलं त्या दिवसापासून हात उठला नाई. शिव्या खाल्ल्या, ढेकळं खाल्ली, माही तोंडाची वटवटही खाल्ली, पण हात नाई उठला. तुमची इहीर मले पाह्यजे होती. आतापर्यंत पाह्यजे होती. पण त्या पाण्यासंगं माहा जुना नवरा वापस येत असंन, तं पाणी तुमचं तुमालेच लखलाभ. आन् पोरीले ज्या घरी फेटा पाहून नेणार होते, त्या घरीही असाच फेटा असंन, आन् रातीचं मारणंही. नको मले ती सोयरीक."

भासरे खाली पाहून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राह्यले. बायायतल्या काहीजणी तोंडाले पदर लावून उभ्या होत्या, आन् त्या काई हसून नव्हत्या राह्यल्या. माह्या नवऱ्याचं तोंड उतरलं होतं. उतरू द्या! खरं बोलायचं म्हणता ना, मंग हेही खरंच हाय. त्यायनं माह्याकडं पाहून एवढंच म्हटलं, "हाव. हे सारं खरं हाय." भरल्या यात्रेत, साऱ्यायपुढं. त्या एका शब्दानं मी त्यायची झाली, आन् त्यायच्या येशूचीही.

इहीर भेटली नाई. वावर कोर्टात हाय, राहू द्या. पुढच्या रविवारी मी नळगंगेत उतरली. थंडी अशी की दात वाजून राह्यले होते. गावचे बरेच गडी काठावर हसाले आलते, घोंगड्या पांघरून, बिड्या फुकत. शामुवेल दादांच्या चर्चच्या पाळकानं मले पाण्यात बुडवून वर काढलं, तं ते काठावरचे ख्या ख्या करून हसाले लागले.

मी केसातलं पाणी निपटलं आन् तिथूनच ओरडून पुसलं, "हसा बाप्पा, खुशाल हसा! पण एक सांगून जा, तुमच्या बायका घरी हसतात का?"